संख्याशास्त्रज्ञ दिवसभर करतो तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही संख्याशास्त्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रमेयं सिद्ध करता येतात, मार्कही बरे पडतात. पण या विषयावर पोट भरणारी माणसं सकाळी कामाला बसली की नेमकं काय करतात, हे कोणी सांगत नाही. घरचे म्हणतात, आता हे सगळं कॉम्प्युटरच करतो. मित्र म्हणतात, डेटा सायन्सकडे वळ. आणि शेवटी, जरा संकोचाने, तुम्ही लिहिलंय की चार लोकांत बोलायला तुम्हाला फारसं आवडत नाही. मग हे काम जमेल का?

दिसायला हे चार प्रश्न आहेत, पण मुळात एकच आहे: आकडेमोड काढून घेतली तर या कामात उरतं काय? बरंच उरतं, आणि पगार त्याचाच मिळतो. ते काय, हे सांगायला थोडा वेळ लागेल.

एक गोष्ट आधीच कबूल करते. ‘संख्याशास्त्रज्ञ’ या एका नावाखाली फार वेगवेगळी आयुष्यं आहेत. औषधांच्या चाचण्यांत काम करणारा, सरकारी सर्वेक्षणांचे नमुने आखणारा, कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण बघणारा, पिकांच्या वाणांवर प्रयोग आखणारा आणि विद्यापीठात शिकवणारा, या पाच जणांचे दिवस एकमेकांसारखे नसतात. विम्यातला अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडणारा, हा तर वेगळाच पेशा, त्याच्या स्वतंत्र परीक्षा असतात. मी एकोणीस वर्षं या कामात आहे. पहिली चार सर्वेक्षणांत गेली, नंतरची सगळी क्लिनिकल ट्रायल्समध्ये. त्यामुळे पुढचं सगळं त्या खिडकीतून दिसणारं आहे. कारखान्यातला माणूस यातल्या निम्म्या गोष्टींवर मान डोलवेल आणि उरलेल्यांवर म्हणेल, आमच्याकडे असं नसतं बाई.

माझ्या आठवड्यात प्रत्यक्ष मॉडेल बसवायचा, चाचणी लावायचा, म्हणजे तुम्ही तीन वर्षं जे शिकलात ते करायचा वेळ अर्ध्या दिवसाहून जास्त नसतो. बाकीचा वेळ तीन गोष्टींत जातो: प्रश्न नीट करून घेणं, आलेला डेटा खरंच काय आहे ते शोधणं, आणि उत्तरातून किती म्हणता येतं अन् किती नाही, ते लिहिणं आणि लोकांना पटवणं. यातली पहिली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी शिकवली जाणारी, म्हणून तिथे जरा थांबते.

एक भूलतज्ज्ञ माझ्याकडे आले होते. शस्त्रक्रियेनंतर भुलीमुळे मळमळ-उलटीचा त्रास होतो, तो कमी करणाऱ्या एका औषधाची चाचणी त्यांना करायची होती. बसल्या बसल्या पहिलं वाक्य, “मॅडम, किती पेशंट लागतील तेवढं सांगा, फॉर्ममध्ये भरायचंय.” सगळे हेच विचारतात. मी विचारलं, सध्या किती जणांना त्रास होतो? म्हणाले, साधारण ३० टक्के. आणि नव्या औषधाने किती होईल? “ते बघायलाच तर चाचणी करतोय ना!”

बरोबर आहे, पण किती लहान फरक आपल्याला हुकू द्यायचा नाही, हे ठरवल्याशिवाय आकडा निघत नाही. म्हणून मी दुसऱ्या बाजूने गेले. त्रास ३० वरून २९ टक्क्यांवर आला तर तुम्ही उद्यापासून सगळ्यांना हे औषध द्याल? “छे.” २७? “नाही बहुतेक.” २४? थोडा विचार करून म्हणाले, “हो, २४ असेल तर देईन.” म्हणजे आपण शोधतोय तो फरक ३० आणि २४ मधला. नेहमीची ५ टक्क्यांची पातळी (फरक नसताना चुकून ‘आहे’ म्हणायची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता) धरून मी तिथेच गणित केलं: प्रत्येक गटात साधारण ८५५. पाच टक्के लोकांची नोंद काही ना काही कारणाने हातची जाते असं धरलं तर ९००. दोन्ही गट मिळून १८०० पेशंट.

त्यांचा चेहरा पडला. एवढे पेशंट त्यांच्याकडे दोन वर्षांतही झाले नसते. मी सहज सांगून गेले की फरक ३० विरुद्ध १८ असा मोठा असता तर गटात १९५ पुरले असते. ते लगेच म्हणाले, “मग १८च धरू की!”

या वाक्यापाशी संख्याशास्त्रज्ञाचं काम सुरू होतं. सूत्रात १८ टाकायला कुणीच अडवत नाही, सॉफ्टवेअर तर मुळीच नाही. पण औषधाचा खरा परिणाम २४ चा असेल आणि आपण १८ च्या हिशेबाने ३९० पेशंट घेतले, तर बहुतेक वेळा चाचणी काहीच दाखवणार नाही, आणि उपयोगी औषध ‘निरुपयोगी’ म्हणून बाजूला पडेल. त्या ३९० माणसांनी दिलेली संमती, टोचून घेतलेल्या सुया, सगळं वाया. हे मी त्यांना भांडण न करता सांगितलं. शेवटी त्यांनी आणखी तीन रुग्णालयांना सोबत घेतलं आणि चाचणी वर्षभर उशिरा सुरू झाली. त्या तासाभराच्या बैठकीत गणित होतं पाच मिनिटांचं.

आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, रोनाल्ड फिशर, याने १९३८ साली एका भाषणात म्हटलं होतं, त्याचा आशय असा: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल. एकोणीस वर्षांत अशी शवविच्छेदनं मी किती केली, त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

आता डेटा. पाठ्यपुस्तकातला डेटा आंघोळ करून, भांग पाडून आलेला असतो. खऱ्या डेटात वयाच्या रकान्यात ९९९ असतं, कारण ‘माहीत नाही’साठी कुणीतरी तो कोड ठरवलेला असतो आणि ते सांगायला विसरलेलं असतं. वजन कुठे किलोत, कुठे पाउंडात. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे भरणाऱ्यालाच ठाऊक. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक एक्सेलच्या एका फेरीत पुसला जातो. हे सगळं निस्तरणं कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण यातच कधीकधी गोष्ट सापडते.

एका चाचणीत बऱ्याच केंद्रांतून रक्तदाबाचे आकडे येत होते. वरचा आकडा १२७, १३३, १४१ असा कसाही असायचा. एका केंद्राचे मात्र सगळे आकडे सम, आणि दहातले सात शून्यावर संपणारे: १३०, १४०, १३०, १२०. मनात पहिली शंका आली ती आकडे बसल्या जागी रचल्याची. माणूस मनाने आकडे रचतो तेव्हा ते असेच जास्त नीटनेटके येतात, त्यामुळे शंका अगदीच अवाजवी नव्हती. पण ईमेल लिहिण्याआधी मी फोन केला. तिथलं डिजिटल मशीन बिघडलं होतं, आणि परिचारिका जुन्या पाऱ्याच्या यंत्रावर हाताने मोजत होत्या. त्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणून सगळे आकडे सम. आणि पारा खाली येत असताना डोळा जवळच्या शून्यावर थांबतो, म्हणून शून्यांची गर्दी. लबाडी कुणीच केली नव्हती. तरी आमच्या दृष्टीने ते गंभीर होतं, कारण चाचणीत घ्यायची अट होती १४० किंवा त्याहून जास्त. खरा १३७ तिथे १४० होऊन आत येत होता. मशीन बदललं, आणि त्या केंद्राशिवाय निष्कर्ष बदलतो का, याचं वेगळं विश्लेषण करायचं ठरलं. कोणता कोर्स हे शिकवतो? माझ्या माहितीत तरी नाही. आकड्यांच्या शेपटाकडे बघायची सवय लागावी लागते.

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता माझी. सर्वेक्षणात होते तेव्हाची गोष्ट, नोकरीचं दुसरं वर्ष. घरातल्या पुरुषांची माहिती एका फाइलमध्ये, स्त्रियांची दुसऱ्या. दोन्हींत ओळी तेवढ्याच, क्रमही तोच, म्हणून मी घराच्या क्रमांकावरून न जोडता ओळीला ओळ लावून फाइली जोडल्या. मधे केव्हातरी एक फाइल वयानुसार सॉर्ट केली होती, ते डोक्यातून गेलं. तक्ते सुंदर झाले. कोड कुठेही अडला नाही, कसली सूचना आली नाही. अहवाल जायच्या आदल्या संध्याकाळी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने सहज विचारलं, नवरा-बायकोच्या वयांचा सहसंबंध किती येतोय गं? मी काढला. ०.०३. (१ म्हणजे दोन्ही वयं अगदी सोबत चालतात, ० म्हणजे काही नातंच नाही.) जगात कुठेही नवरा-बायकोची वयं एकमेकांपासून इतकी सुटी नसतात. पोटात गोळा आला. रात्रभर बसून सगळं पुन्हा केलं.

तेव्हापासून नवा डेटा हातात आला की आधी जे मला ठाऊक आहे तेच त्याला विचारते. उंची आणि वजन सोबत वाढतात ना? दाखल झाल्याची तारीख घरी सोडल्याच्या तारखेआधी आहे ना? गरोदर पुरुष किती? ठाऊक असलेली उत्तरं बरोबर आली की मगच नवी विचारायची. आणि ओळीला ओळ लावून फाइल मी आजतागायत जोडलेली नाही.

चाचण्यांच्या जगात या भीतीपोटी एक पद्धतच झाली आहे. महत्त्वाचा प्रत्येक तक्ता दोन जण स्वतंत्रपणे करतात, एकमेकांचा कोड न बघता, आणि मग दोन्ही निकाल मशीनने ताडून बघतात. एका दशांशाचा फरक आला तरी दोघं शोधायला बसतात. विश्लेषण कसं करायचं, याची योजनाही आधी लिहून, सही करून ठेवायची असते. कुणाला कोणतं औषध मिळालं हे तोवर आम्हाला माहीत नसतं. औषधांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या आयसीएच या संस्थेची ई-९ ही १९९८ ची मार्गदर्शिका या सगळ्याचा पाया आहे, या क्षेत्रात आलात तर ती तुम्हाला पाठ होईल. डेटा कुलूपबंद झाला, म्हणजे त्यात आता काही बदलायचं नाही असं ठरलं, की कुणाला कोणतं औषध मिळालं त्याची यादी उघडते, आधी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा आणि उत्तर येतं. दोन-तीन वर्षांच्या कामाचं उत्तर काही सेकंदांत स्क्रीनवर. त्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही. मला अजूनही हात धुऊन आल्यासारखं बसावंसं वाटतं.

इतकी कडक शिस्त कशाला? कारण उत्तर बघितल्यावर माणूस तो माणूस राहत नाही. पी-व्हॅल्यू, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता, ०.०६ आली की कुणीतरी विचारतंच, “जरा ०.०५ च्या खाली आणता येईल का? वयस्कर पेशंट वगळून बघू या?” विचारणारा लबाड असतो असं नाही. त्याने तीन वर्षं या औषधावर घालवलेली असतात, त्याला ते चालायला हवं असतं. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणायचं, योजनेत नाही, वगळता येणार नाही. आणि पुढे हेही सांगायचं की ०.०४९ आणि ०.०५१ यांच्यात औषध काम करतं की नाही याचा निवाडा होत नसतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून हे सांगितलं, की पी-व्हॅल्यू एखाद्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडते एवढ्यावरून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत. तरी लोक त्या रेषेकडेच बघतात. हा वाद तुम्हाला नोकरीभर पुरेल.

उलट्या बाजूचा दबावही असतो. “तीनशे जणांना औषध दिलं, एकालाही गंभीर त्रास झाला नाही. म्हणजे सुरक्षित, असं लिहू या?” इथे आमच्याकडे एक घरगुती नियम आहे: n जणांत एकही घटना दिसली नाही, तर खरं प्रमाण ३/n इतकंही असू शकतं, ९५ टक्के खात्रीने तेवढंच म्हणता येतं. ३०० मध्ये शून्य म्हणजे वरची मर्यादा १ टक्का. लाखभर लोकांना औषध दिलं तर १ टक्का म्हणजे हजार माणसं. शून्य दिसलं याचा अर्थ शून्य आहे असा होत नाही. हे एक वाक्य अहवालात घालण्यासाठी मी एकदा चार बैठका लढवल्या आहेत.

आपलं म्हणणं वेळेवर आणि समोरच्याला दिसेल असं मांडणं किती महत्त्वाचं, याचं मला कायम आठवणारं उदाहरण चॅलेंजर यानाचं आहे. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत यान फुटलं, सात जण गेले. रॉकेटच्या सांध्यांमधली रबरी ओ-रिंग थंडीत नीट बसली नाही, हे कारण. आदल्या रात्री यावर चर्चा झाली होती आणि इंजिनिअरांनी उड्डाण नको असंच सांगितलं होतं. पण आकडे मागितले गेले तेव्हा लक्ष गेलं ते ज्या उड्डाणांत रिंगला इजा झाली होती त्यांच्याकडे. अशी सात होती, आणि त्यांत थंड दिवशीही इजा, उबदार दिवशीही इजा. तापमानाशी काही नातं आहे असं वाटेना. जिथे काहीच बिघडलं नव्हतं ती उड्डाणं सोबत मांडल्यावर चित्र पालटतं: ६५ अंश फॅरनहाइटच्या खालच्या चारही उड्डाणांत इजा, आणि त्याच्या वरच्या वीस उड्डाणांत फक्त तीनदा. त्या सकाळसाठी अंदाज होता गोठणबिंदूच्या आसपासचा, म्हणजे आधीच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षाही वीसेक अंश खाली. नंतरच्या चौकशी अहवालात हा पूर्ण आलेख आहे. आदल्या रात्री तो टेबलावर असता तर निर्णय बदलला असताच, असं मी म्हणणार नाही. घाई, दबाव, बरंच काही होतं. पण माझ्याकडे कुणी फक्त ‘प्रॉब्लेम झालेल्या केसेस’ची फाइल पाठवली की मी उलट टपाली विचारते, न झालेल्या कुठे आहेत?

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बोलण्याचा. बोलावं लागतं, त्यातून सुटका नाही. मात्र तुम्ही समजता तसं सभा गाजवणारं बोलणं नसतं ते. वर सांगितलेल्या भूलतज्ज्ञांच्या बैठकीत मी जास्त ऐकलं, आणि मधे मधे लहान, जरा बाळबोध वाटणारे प्रश्न विचारले. ‘त्रास’ म्हणजे नक्की काय धरायचं, नुसती मळमळ की उलटी? पहिल्या सहा तासांत की चोवीस? कमी बोलणाऱ्या माणसांना हे उत्तम जमतं, असा माझा अनुभव आहे. मी घेतलेल्या ज्युनिअरांपैकी सर्वांत चांगली मुलगी मुलाखतीत जेमतेम दहा वाक्यं बोलली होती, त्यातली सहा प्रश्न होते. एकच जमायला हवं: समोरचा मोठ्या पदावर असला तरी “हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा” म्हणता आलं पाहिजे. आणि “नाही” म्हणता आलं पाहिजे. ते मलाही पहिली पाच वर्षं जमत नव्हतं.

लिहिणं मात्र यायलाच हवं. मी महिन्याला जितका कोड लिहिते त्याहून जास्त गद्य लिहिते.

गणित किती लागतं? पाया पक्का हवा: संभाव्यता, अनुमान, रेषीय मॉडेल्स, नमुना निवड, प्रयोगांची आखणी. शेवटच्या दोन विषयांना विद्यार्थी जुनाट समजतात आणि ऑप्शनला टाकतात. टाकू नका, माझं अर्धं घर त्यावर चालतं. पण प्रत्येक सिद्धता स्वतः करता आली नाही म्हणून खचायचं कारण नाही. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायला वापरतात ते टी-वितरण देणारा गॉसेट हा गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत नोकरीला होता. त्याच्यापुढे अडचण व्यवहारातली होती: चार-पाच नमुन्यांवरून काय म्हणता येतं? १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध छापला. त्यातल्या गणिताला काटेकोर सिद्धता नंतर फिशरने दिली. गॉसेटने स्वतः काय केलं होतं? ३००० माणसांची उंची आणि बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहिली, कार्डं पिसली, आणि चार-चारचे ७५० नमुने काढून आपलं सूत्र त्यांच्याशी जुळतं का ते बघितलं. हाताने केलेलं सिम्युलेशनच ते. आज तेच काम ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत चार ओळींचं आहे. एखादी पद्धत कळली नाही की मी अजूनही हेच करते: खोटा डेटा तयार करायचा, ज्याचं खरं उत्तर मला ठाऊक आहे, आणि पद्धत ते शोधते का बघायचं. कोणत्याही पुस्तकाइतकं यातून शिकले आहे.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ‘आर’ किंवा पायथन यांतलं एक चांगलं यावं, दुसरं वाचता यावं. औषध उद्योगात सॅस हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर अजून भक्कम आहे. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, सगळीकडे लागते. बहुतेक नोकऱ्यांना पदव्युत्तर पदवी मागतात, ती कराच. डॉक्टरेट संशोधनात किंवा अध्यापनात जायचं असेल तरच.

डेटा सायन्स की संख्याशास्त्र, या वादात मला फार रस नाही, कारण पाट्या दर पाच वर्षांनी बदलतात. जाहिरातीतलं पदनाव सोडा आणि काम विचारा. उद्या कोणता ग्राहक काय विकत घेईल, असा अंदाज हवा असेल तर चूक झाली तरी परवा सुधारता येते, तिथे वेग महत्त्वाचा. ‘अमुक केल्यामुळे तमुक झालं का’ हे हवं असेल तर डेटा कसा गोळा झाला, यावर सगळं अवलंबून, आणि तिथे आमची सावकाश, शंकेखोर पद्धत लागते. दोन्ही खोल्यांत संख्याशास्त्राची माणसं बसलेली असतात. तुम्हाला कुठे करमेल, ते तुमच्या स्वभावावर आहे.

घरच्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर सगळं करतो. आकडेमोड तर तो केव्हापासूनच करतोय. मुळात ‘कॉम्प्युटर’ हे कधीकाळी हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसांच्या हुद्द्याचं नाव होतं. ती माणसं गेली, संख्याशास्त्रज्ञ वाढले. पण मी तुम्हाला फसवा दिलासा देणार नाही. आता कोड लिहून देणारी एआयची साधनं आली आहेत, मी ती रोज वापरते, आणि तक्ते-आलेख करायचं नवशिक्यांचं काम त्याने खरोखर कमी होतंय. आम्ही त्याच कामावर शिकलो, त्यामुळे तुमच्या पिढीला शिकायची पायरी कुठून मिळणार, हा प्रश्न मला खरा वाटतो. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

एवढं मात्र रोज बघते. गेल्याच महिन्यात अशा साधनाने मला रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीचं दुसऱ्या गोष्टींशी नातं मोजणाऱ्या मॉडेलचा, निर्दोष कोड लिहून दिला. चालला, उत्तर आलं. मी सवयीने ओळी मोजल्या. डेटात १२०० माणसं होती, मॉडेलमध्ये ८७०. ज्यांच्या एखाद्या रकान्यात नोंद नव्हती ती माणसं गपचूप गळली होती. बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता हेच करतं, एआयचाच तो दोष नाही. पण ती ३३० माणसं कोण होती, हे बघायला हवं होतं. बघितलं, तर त्यांतली बरीचशी सर्वांत आजारी होती. ती तपासणीला येऊच शकली नव्हती, म्हणून नोंद नव्हती. उरलेल्या ८७० वरून औषध छान दिसत होतं. कोड कुणीही लिहो, त्या अहवालाखाली सही माझी असते, आणि चूक निघाली तर उत्तरही मलाच द्यावं लागतं.

त्रासाच्या गोष्टी झटपट. श्रेय कमी मिळतं, शोधनिबंधात नाव मधे कुठेतरी असतं. डेडलाइन नेहमी तुमच्यावर येऊन आदळते, कारण साखळीत तुम्ही शेवटी असता आणि आधीच्या सगळ्यांनी आपापला उशीर पुढे ढकललेला असतो. बऱ्याच चाचण्यांचं उत्तर ‘फरक दिसला नाही’ असं येतं. ते सांगताना लग्नघरात वाईट बातमी घेऊन गेल्यासारखं वाटतं. आणि डोळे. चष्म्याचा नंबर वाढतो.

हे सगळं वाचूनही ठरत नसेल तर एक प्रयोग करा, इंटर्नशिपपेक्षा स्वस्त आहे. पुढचे साठ दिवस तुम्ही रोज किती वाजता झोपता ते लिहून ठेवा, बस. तिसऱ्या दिवशीच प्रश्न पडेल की झोपायची वेळ म्हणजे आडवं झाल्याची की डोळा लागल्याची, आणि डोळा लागल्याची वेळ कळणार कशी. रात्री बारानंतर झोपलात तर तारीख कोणती लिहायची? साडेअकरा आणि साडेबारा यांची सरासरी कॉम्प्युटर सरळ दुपारी बारा काढून देईल, ते का, तेही बघाल. दोन महिन्यांनी वहीत साठऐवजी एकावन्न नोंदी असतील. उरलेले नऊ दिवस कोणते होते, ते आठवायचा प्रयत्न करा. उशिरा घरी आलात ते? आजारी होतात ते? नोंद करण्याइतकंही त्राण नव्हतं ते? ते नऊ दिवस सोडून काढलेली सरासरी कुठल्या बाजूला सरकली असेल, यावर विचार करता करता जेवायचं राहून गेलं, तर पदव्युत्तरचे अर्ज भरायला घ्या. चौथ्या दिवशी वही कुठे ठेवली तेच आठवेना, तर डेटा सायन्सवाल्या मित्रांना फोन करा, तिकडे निदान नोंदी आपोआप होतात.